पेशी, पाखरं आणि बुद्धी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये जीवशास्त्र शिकवते. वर्गात, गोदाकाठी मुलांना घेऊन फिरताना आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत काही प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. काम हुशारीचं दिसलं म्हणजे करणाऱ्याने विचार केलाच असेल, असं नाही. पण ‘ते उपजत आहे’ म्हणून विषय मिटवायचा आणि प्राण्याला काही कळतच नाही असं धरून चालायचं, हेही मला पटत नाही. खरं काय ते ओळखायचं असेल तर तो जीव कुठे आणि कसा फसतो ते पाहावं.

पेशीला मेंदू नसतो. मग पुस्तकात ‘पेशी ओळखते’, ‘पेशी ठरवते’ असं का लिहितात?

लिहायला सोयीचं पडतं म्हणून. पेशीच्या आवरणात प्रथिनांचे ग्राही असतात. ठरावीक रेणू ग्राहीत बसला की त्या प्रथिनाचा आकार थोडा बदलतो. त्याचा परिणाम आतल्या दुसऱ्या प्रथिनावर होतो, त्याचा तिसऱ्यावर, आणि शेवटी एखादं जनुक चालू होतं किंवा पेशी एका बाजूला सरकते. दर वेळी एवढं कोण लिहिणार? इस्त्री ‘पुरेशी तापली हे ओळखून’ बंद होते असं आपण सहज म्हणतो. आत फक्त दोन धातूंची पट्टी वाकलेली असते. पेशीतली व्यवस्था इस्त्रीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे, पण ‘ओळखते’ हे क्रियापद तिथेही तेवढंच सैल वापरलेलं असतं. वापरायला हरकत नाही. परीक्षेत मात्र ‘पेशीला कळलं’ एवढंच लिहून मुलं थांबतात, तेव्हा कसं कळलं हे मी पुन्हा लिहायला लावते.

डावणीला पानाची छिद्रं कशी सापडतात?

डावणी हा द्राक्षवेलीचा, बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होणारा रोग. हा प्रश्न एका द्राक्षबागायतदारांनी विचारला होता, आणि या सगळ्यांत तो माझा सर्वांत आवडता आहे.

गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी केलेल्या छाटणीनंतर, कोवळी फूट असताना पाऊस झाला की बागायतदाराची झोप उडते. पानावर पाण्याचा पातळ थर राहिला की डावणीच्या बीजाणूंमधून अतिसूक्ष्म पेशी बाहेर पडतात. प्रत्येकीला दोन शेपट्या असतात आणि त्या पोहतात. द्राक्षाच्या पानाची पर्णरंध्रं खालच्या बाजूला असतात. या पेशी पोहत पोहत नेमक्या रंध्राच्या तोंडाशी येतात, शेपट्या टाकून देतात, स्वतःभोवती कवच करतात आणि एक बारीक नळी रंध्रातून आत घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका रंध्राभोवती त्यांचा घोळका पाहिला की ‘यांना पत्ता माहीत होता’ असंच तोंडून निघतं.

पत्ता त्यांना माहीत नसतो. रंध्राकडून येणाऱ्या रासायनिक खुणा आणि रंध्र उघडं आहे की बंद, याचा त्यांच्या वाटेवर परिणाम होतो. अशा पोहण्याची यंत्रणा सर्वांत बारकाईने उलगडली आहे ती आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जीवाणूत. तो सेकंदभर सरळ पोहतो, क्षणभर गटांगळी खातो, आणि तोंड फिरेल त्या दिशेला पुन्हा सुटतो. दिशा तो निवडत नाही. साखर वाढते आहे असं ग्राहींवरून आलं की गटांगळी लांबणीवर पडते आणि सरळ पोहणं जास्त वेळ चालतं; कमी होत असेल तर लवकर येते. एवढ्या एका नियमावर तो साखरेच्या जवळ पोचतो. ‘वाढते आहे’ हे कळायला काही सेकंदांपूर्वी किती होती त्याची नोंद लागते, आणि ती नोंद ग्राहींवर चिकटवलेल्या लहान रासायनिक गटांच्या रूपात असते. याला स्मरण म्हणायचं तर खुशाल म्हणा. आठवण काढणारा मात्र तिथे कोणी नाही.

हे कशावरून? ज्यूलियस ॲडलर यांनी १९६९ मध्ये दाखवलं की जे साखरेसारखे रेणू ई. कोलायला पचवताच येत नाहीत, त्यांच्याकडेही तो तितक्याच ओढीने जातो. पोट भरत नाही, उपयोग शून्य, तरी तिकडेच. ग्राहीत रेणू बसला की पोहणं ठरलं. खाण्याशी त्याचा संबंध नाही.

बागायतदारांसाठी एक जोड. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं या पोहणाऱ्या पेशींनाच मारतं. म्हणून फवारणी पावसाच्या आधी करायची; नळी आत शिरल्यावर बोर्डोचा फारसा उपयोग उरत नाही. फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण पुढे आणलं तेही याच रोगासाठी.

म्हणजे पेशी हे निव्वळ यंत्र समजायचं का?

इतक्या लवकर नको. डबक्यात स्टेंटर नावाचा कर्ण्याच्या आकाराचा एकपेशीय जीव असतो, काडीकचऱ्याला चिकटून बसलेला. हर्बर्ट जेनिंग्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या तोंडावर रंगाचे कण सोडून पाहिले. आधी तो बाजूला वाकला. कण येतच राहिले तेव्हा त्याने तोंडाभोवतीच्या केसांची फिरण्याची दिशा उलटवली. तरी थांबेना, तेव्हा अंग आक्रसून घेतलं. आणि शेवटी जागा सोडून पोहत गेला. त्रास तोच, उत्तरं मात्र बदलत गेली. पुढे या प्रयोगावर शंका घेतली गेली. २०१९ मध्ये हार्वर्डच्या गटाने तो पुन्हा केला आणि जेनिंग्स यांचं निरीक्षण मूळ मुद्द्यावर बरोबर ठरलं. आक्रसायचं की सुटायचं, हे मात्र नाणं उडवल्यासारखं निघालं.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९८३ मध्ये नोबेल स्वीकारताना, पेशीला स्वतःबद्दल किती माहिती असते आणि संकटात ती माहिती ती कशी वापरते, हे शोधणं पुढचं काम आहे असं सांगितलं होतं. मक्याच्या पेशी तुटलेली गुणसूत्रं कशी सांधतात हे पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. हे वाक्य त्यांनी भाबडेपणाने म्हटलं, असं मला मुळीच वाटत नाही. पेशी माहिती घेते, साठवते, वापरते. इतपत मी बिनदिक्कत म्हणते. ती तर्क करते किंवा तिला काही जाणवतं, याला मात्र पुरावा नाही.

कुंभारीण माशी घर बांधते, त्यात अन्न भरते, अंडं घालून दार लिंपते. हे सगळं विचाराशिवाय कसं शक्य आहे?

ज्यांच्या खिडकीच्या चौकटीत किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीमागे तिचं मातीचं घर आहे, त्यांनी तिला जवळून पाहावं. कुंडीखालच्या ओलीतून ती मातीची गोळी जबड्यात धरून आणते. ती थापताना अंग थरथरवते, त्याचा बारीक गुणगुण आवाज येतो. एकेक कमान लावत नळीसारखी खोली तयार होते. मग कोळी पकडायचे, डंख मारून लुळे करायचे, खोलीत ठासायचे. मेलेले कोळी कुजले असते. लुळे ताजे राहतात. त्यांच्यावर अंडं घालायचं, तोंड मातीने बंद करायचं. आतल्या अळीला आई कधी दिसत नाही. तीच अळी मोठी झाल्यावर अगदी असंच घर बांधते.

झ्याँ-आंरी फाब्र या फ्रेंच शिक्षकाने याच कुळातल्या माशीवर प्रयोग केला. तिने कोळी आणून ठेवला आणि अंडं घातलं, की ते दोन्ही तो चिमट्याने काढून घेई. ती पुढचा कोळी आणी, तो तोही काढी. खोली रिकामी, तरी ती कोळी आणत राहिली आणि वेळ झाल्यावर त्या रिकाम्या खोलीचं दार व्यवस्थित लिंपून टाकलं. दुसऱ्या वेळी त्याने भिंतीवरचं सगळं घरच काढून नेलं. शेवटचा लेप द्यायला आलेली माशी घर होतं त्या उघड्या भिंतीवर माती थापत राहिली.

विचार करणाऱ्याची चूक अशी नसते. अन्न साठवायचं कशासाठी हे तिला कळत असतं तर रिकाम्या खोलीपाशी ती अडली असती. एक पायरी संपली की दुसरी सुरू, एवढंच तिच्यात आहे, आणि रोजच्या जगण्यात तेवढं पुरतं, कारण चिमटा घेऊन बसलेला फाब्र रानात नसतो.

पण फाब्रचीच दुसरी नोंदही सांगायला हवी, ती बहुतेक लोक गाळतात. रातकिडे पकडणारी एक माशी शिकार बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत डोकावून येते आणि मग शिकार ओढून नेते. ती आत असताना फाब्रने शिकार थोडी सरकवली. ती पुन्हा तोंडाशी आणून पुन्हा आत डोकावली. असं सुमारे ४० वेळा झालं. हा किस्सा जगभर सांगितला जातो. त्याच जातीच्या दुसऱ्या वस्तीत मात्र माश्या दोन-तीन वेळांनंतर शिकार थेट आत घेऊन गेल्या. म्हणजे कीटकाचं वागणंही दगडावरची रेघ नसतं.

मुंग्या आपल्या मेलेल्या मुंग्यांना उचलून नेतात. त्यांना मरण कळतं का?

१९५८ मध्ये ई. ओ. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या मुंगीत तयार होणारं ओलेइक आम्ल जिवंत मुंगीला लावलं. बाकीच्या मुंग्यांनी ती पाय झाडत असताना तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर टाकलं. ती परत आली, पुन्हा टाकली. अंग साफ होईपर्यंत असंच चाललं. वासाला दिलेलं उत्तर आहे ते. मरणाशी त्यांना देणंघेणं नाही.

उपजत म्हणजे शिकावंच लागत नाही, असंच ना?

सुगरण पाहा. विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला लटकणारे खोपे नर विणतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. अर्धवट खोपा मादी येऊन तपासते; पसंत पडला तर तो पुरा करायचा, नाहीतर दुसरा सुरू करायचा. एकच नर अशा अनेक माद्यांसाठी खोपे बांधतो, हे सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला निरीक्षणं करून १९३१ मध्ये मांडलं.

विणण्याची ओढ उपजत, हात बसतो तो सरावाने. आफ्रिकेतल्या सुगरणीच्या भाऊबंदांवर निकोलस आणि एल्सी कोलियास यांनी काम केलं. लहानपणी पात्या-काड्या मिळाल्या नाहीत अशा नरांना नंतर धड विणता येईना. २०११ मध्ये बोट्सवानातल्या विणकर पक्ष्यांच्या अभ्यासात एकाच नराची पद्धत खोप्यागणिक बदलताना दिसली. कोणी डावीकडून, कोणी उजवीकडून, आणि खाली पडणाऱ्या पात्यांचं प्रमाण अनुभवाने कमी झालेलं. उपजत आणि शिकलेलं यांची वाटणी करायला बसलात तर सुगरण तुम्हाला दाद देणार नाही.

कावळा एवढा हुशार, मग कोकिळेचं पिल्लू कसं पोसतो?

कारण हुशारी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. मोठी कोकिळा किंवा कोकीळ घरट्याच्या आसपास दिसला की कावळे जीव खाऊन मागे लागतात. शत्रू कोण हे त्यांना चांगलं माहीत असतं. तेच कावळे घरट्यातल्या कोकिळेच्या पिल्लाच्या चोचीत घास भरवतात. आपल्या घरट्यात उघडलेली चोच आणि भुकेचा आवाज ही खूण इतकी जबरदस्त असते की पुढची तपासणी होत नाही. यात तोटा वाटतो, पण चुकून आपलंच पिल्लू परकं समजून टाकून देणाऱ्या कावळ्याचा तोटा त्याहून मोठा.

युरोपातल्या कोकिळेचं पिल्लू याहून भयंकर. अंड्यातून निघून काही तास झाले, डोळेही उघडले नाहीत, तोच ते पाठीवर घेऊन यजमानाची अंडी घरट्याबाहेर ढकलतं. देवीची लस देणारे एडवर्ड जेन्नर यांनी १७८८ मध्ये हे लिहिलं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. त्या आंधळ्या जिवाला क्रूर म्हणण्यात अर्थ नाही. त्याने काहीच ठरवलेलं नाही.

रामकुंडावर पिंडाला कावळा कधी लगेच शिवतो, कधी तासभर शिवत नाही. त्याला काही कळतं का?

श्रद्धा ज्याची त्याची आहे, आणि दहाव्याला तिथे उभं राहिलेल्या माणसाची घालमेल मी जवळून पाहिली आहे. मी फक्त कावळ्याबद्दल सांगते. कावळा अनोळखी गर्दीला बिचकतो, आणि दिवसभर पिंडं मिळतात त्या जागी तो भुकेला असेलच असं नाही. शिवाय तो माणसं ओळखतो. जॉन मार्झलफ यांच्या गटाने २००६ पासून सिएटलला मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे ओरडून उठत, पुढे वर्षानुवर्षं, आणि न पकडलेले कावळेही त्यात सामील होत. गेलेल्या माणसाची इच्छा कावळ्याला कळते असं कुठल्याही निरीक्षणातून दिसत नाही. घाटावर उभी असलेली जिवंत माणसं मात्र तो नीट न्याहाळत असतो.

कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेला बिबट्या खातो एखादीच, पण मारतो सगळ्या. हा दुष्टपणा नाही का?

नाही. भूक आणि झडप या दोन गोष्टी वेगवेगळ्या चालतात. उघड्यावर एक पकडली की बाकीच्या पळून जातात आणि झडप थांबते. बंद खुराड्यात फडफड थांबत नाही, म्हणून मारणंही थांबत नाही. राग यायला हवा तो खुराड्याच्या जाळीवर. ती मजबूत करा.

मग खरा विचार करणारा प्राणी आहे तरी का?

आहेत, पण इथेही सावध राहा. २००२ मध्ये ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियातल्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतलं खाणं काढलं. तर्काचा नमुना म्हणून तिचं नाव झालं. २०१६ मध्ये कळलं की तिच्या जातीचे रानातले कावळे काड्या वाकवतातच. म्हणून ती बुद्दू ठरत नाही, पण ‘हे तिने तिथेच शोधलं’ हा दावा मागे घ्यावा लागला.

मला जास्त पटतो तो २०१७ चा भुंग्यांचा प्रयोग. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात भुंग्यांनी दुसऱ्या भुंग्याला चेंडू ढकलत मधोमध नेताना आणि त्याबद्दल गोड पाणी मिळताना पाहिलं. त्या भुंग्याने लांबचा चेंडू आणला होता. पाहणाऱ्यांनी स्वतःच्या वेळी नक्कल न करता जवळचा चेंडू ढकलला. चेंडू ढकलणं कुठल्याही भुंग्याच्या उपजत कामात बसत नाही. तिळाएवढ्या मेंदूत हे होतं, याने मी अजूनही थक्क होते.

आणि जाणीव? त्यांना काही वाटतं का?

हा प्रश्न वेगळा आहे आणि अवघड आहे. तर्क नसला तरी वेदना असू शकते; तान्ह्या बाळाला गणित येत नाही म्हणून त्याचं रडणं खोटं ठरत नाही. उलट आपल्याच शरीरात डोळ्याची बाहुली लहान होणं, अन्न पचणं, जखम भरणं हे जाणिवेवाचून चालतं.

२०२० मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात कावळ्यांना पडद्यावर अगदी पुसट खूण दाखवली आणि ‘दिसली’ की ‘नाही’ हे सांगायला शिकवलं. खूण तेवढीच पुसट, पण कावळा कधी दिसली म्हणे, कधी नाही. काही मेंदूपेशींचं उशिरा उमटणारं काम खुणेच्या मागे न जाता कावळ्याच्या उत्तरामागे गेलं. बाहेर काय होतं यापेक्षा त्याला काय दिसलं, याची ती निशाणी आहे. २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात अनेक शास्त्रज्ञांनी सस्तन प्राणी आणि पक्ष्यांच्या जाणिवेला भक्कम आधार असल्याचं म्हटलं, आणि सगळे पृष्ठवंशी, खेकडे, ऑक्टोपस, कीटक यांच्या बाबतीत ती शक्यता खरी धरायला सांगितली. पेशीचं नाव त्यात नाही. ज्याला दुखत असण्याची खरी शक्यता आहे त्याला विनाकारण दुखवू नये. त्यासाठी शंभर टक्के खात्रीची वाट पाहायची गरज नाही.

माशीकडे बुद्धी नाही, पण काम बुद्धीचं आहे. मग ती बुद्धी कोणीतरी घातली असणार ना?

नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळी पाहुणे पक्षी पाहताना हा प्रश्न हमखास निघतो: एवढी वाट त्यांना कोणी शिकवली? काही जाती आईबापांमागे उडून शिकतात. काहींना दिशा वारशाने मिळते. ब्लॅककॅप नावाच्या चिमुकल्या युरोपीय पक्ष्याचे जर्मनीतले थवे नैर्ऋत्येला जातात, ऑस्ट्रियातले आग्नेयेला. आंद्रेआस हेल्बिग यांनी दोघांची जोडी जमवली. १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं की पिल्लांनी मधली, दक्षिणेची दिशा धरली. कोणी विचारपूर्वक दिलेली वाट अशी सरासरी निघाली नसती. जनुकांतून येणारा गुण असाच निघतो.

अशा गुणांत पिढ्यानपिढ्या बारीक फरक पडतात. चुकीच्या दिशेचे मरतात, बऱ्या दिशेच्यांची पिल्लं जगतात. माशीच्या घरातलं शहाणपण असं साठत आलेलं आहे, फसलेल्या असंख्य घरांच्या किमतीवर. यामागे देव आहे असं मानणाऱ्याला मी अडवत नाही. पण माशीत बुद्धी दिसत नाही म्हणजे ती बाहेरून आलीच असणार, हे अनुमान टिकत नाही, कारण तिसरा मार्ग आहे आणि तो तपासता येतो.

मुलांना घरी काय करून पाहता येईल?

रोपवाटिकेतून लाजाळूचं रोप आणा. एका पानाला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा, उघडू द्या, पुन्हा मारा. वारंवार केलं की पान मिटणं कमी होतं. मग वेगळ्या प्रकारे डिवचा: फुंकर घाला, पाण्याचा थेंब टाका. पुन्हा मिटलं तर ते थकलं नव्हतं, सरावलं होतं. प्रत्येक वेळेआधी ‘काय होईल असं मला वाटतं’ ते वहीत लिहून घ्या, नाहीतर नंतर सगळंच आधी माहीत होतं असं वाटतं. एका दिवशी एकाच पानावर प्रयोग करा आणि रोपाला विश्रांती द्या. कुंभारीण माशीचं घर मात्र लांबूनच पाहा. आत अळी वाढत असते.